फोर बाय फोर घ्यायची? आधी काळ्या मातीला विचारा

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ऐकताना आकडे निसटले, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना मध्येमध्ये जे "म्हणजे... म्हणजे..." झालं तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

जालना, अंबड, परतूर, भोकरदनकडून एक प्रश्न सारखा येतो. "छोटी फोर बाय फोर घ्यायचीय. जिम्नी घेऊ का थार?" कुणाला रविवारी अजिंठ्याच्या डोंगररांगेत जायचंय, कुणाला गोदाकाठी तंबू ठोकायचाय, कुणाला लोणारपर्यंत जाऊन रात्री तारे बघायचेत. आणि जवळजवळ प्रत्येक मेसेजच्या शेवटी एक ओळ असतेच: "शेतातही जाईल ना?"

माझ्या मते ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. कारण डोंगरापर्यंत जाणारे बहुतेक रस्ते आता डांबरी झालेत. गाडीची खरी परीक्षा आपल्या शिवारातच आहे, आपल्या काळ्या मातीत. म्हणून आज मॉडेलच्या नावापासून सुरुवात करायची नाही. गाडीच्या पोटाखाली काय चालतं ते आधी समजून घ्यायचं, मग नाव आपोआप सुचतं.

आधी हप्ता बघू

समजा १२ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, व्याज साडेनऊ टक्के. हप्ता येतो साधारण २५,२०० रुपये. पाच वर्षांत बँकेला जातात १५ लाखांच्या वर, म्हणजे तीन लाखांहून जास्त नुसतं व्याज. त्याच्या आधी रोड टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४ टक्के. १५ लाखांच्या डिझेल गाडीवर २ लाख १० हजार रुपये फक्त कर. इन्शुरन्स वेगळा.

आता एक काम करा. मागच्या वर्षातले दिवस मोजा. खरंच असे किती दिवस होते, की साधी गाडी पुढे गेली नाही म्हणून तुम्ही अडकलात? पाच-सात दिवस निघाले तर फोर बाय फोरचा हट्ट सोडा. पुण्यात सेल्फ ड्राइव्हवर थार भाड्यानं मिळते. दोन दिवस घ्या, हौस भागवा, परत द्या. पंचवीस-तीस दिवस निघाले, किंवा शेतातलं घर अशा जागी आहे की पावसाळ्यात गाडी रस्त्यावर ठेवून चिखलातून चालत जावं लागतं, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

थार आहे, पण फोर बाय फोर आहे का?

हा मुद्दा नीट ऐका, कारण इथे सगळ्यात जास्त लोक फसतात.

२ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली तेव्हा ती फोर बाय फोरच होती. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्रानं दुसरी थार आणली, सुरुवातीची किंमत ९.९९ लाख. बाहेरून तीच गाडी, तसाच रुबाब. पण ताकद फक्त मागच्या चाकांना. १.५ लिटर डिझेलची थार म्हणजे हीच.

स्वस्त कशी झाली? अर्धं उत्तर यंत्रात आहे, अर्धं कराच्या नियमात. जीएसटीच्या हिशोबात 'छोटी गाडी' म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या गाडीला ४० टक्के. १.५ डिझेल थारचं इंजिन १४९७ सीसी, लांबी ३.९८५ मीटर. बरोबर चौकटीत बसते. जिम्नीची लांबीही तेवढीच, ३.९८५ मीटर. पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं. त्यामुळे रस्त्यावर बारीक दिसणारी जिम्नी कराच्या कागदावर छोटी गाडी नाही, आणि तिच्यापेक्षा पावणेदोनशे मिलिमीटर रुंद असलेली डिझेल थार मात्र छोटी!

म्हणून कुणी म्हणालं, "अरे, थार तर जिम्नीपेक्षा स्वस्त मिळते," तर पहिला प्रश्न विचारा, कोणती थार? मागच्या चाकांची थार वाईट गाडी आहे असं माझं म्हणणं नाही. उंच आहे, दणकट आहे, कोरड्या कच्च्या रस्त्याला मस्त आहे. पण फोर बाय फोर समजून ती घेतली, तर पहिल्या मोठ्या पावसात शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर शोधायची वेळ येईल.

जुनी गाडी बघत असाल तर आणखी सावध राहा. 'फोर बाय फोर'चं स्टिकर ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं. त्यावर जाऊ नका. गिअरच्या दांडीशेजारी दुसरी छोटी दांडी आहे का बघा, टू एच, फोर एच, फोर एल लिहिलेली. मग खाली वाकून गाडीच्या पोटाखाली मोबाइलचा टॉर्च मारा. मधल्या खोक्यातून पुढच्या चाकांकडे जाणारा लोखंडी शाफ्ट दिसला पाहिजे. तो नसेल तर ती टू व्हील ड्राइव्ह आहे, मालक काहीही सांगू दे. आरसी बुकावरचं मॉडेलचं पूर्ण नावही जुळवून घ्या.

गाडी रुतते ती डिफरन्शियलमुळे

आता थोडं इंजिनिअरिंग. घाबरू नका, परीक्षा नाहीये.

गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर जातं, आतलं कमी. दोन्ही चाकं एकाच दांडीला घट्ट जोडली तर वळताना टायर घासतील. म्हणून मध्ये डिफरन्शियल बसवतात. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं. पण ते एक गोष्ट कटाक्षानं करतं. दोन्ही बाजूंना ताकद सारखीच देतं.

हीच गंमत आहे. समजा डावं चाक चिखलात आहे, तिथे फक्त १०० एवढीच ताकद जमिनीवर टिकते, त्यापुढे ते नुसतं गरगरतं. उजवं चाक मुरमावर आहे, तिथे ८०० टिकली असती. पण डिफरन्शियल दोघांना सारखंच देणार, म्हणजे उजव्यालाही १००च. एकूण २००. आमच्यातल्या कोड लिहिणाऱ्यांसाठी सांगायचं तर एकूण ताकद म्हणजे दोन गुणिले मिनिमम. सगळ्यात कमजोर चाक सगळ्यांची किंमत ठरवतं.

फोर बाय फोरमध्ये पुढेही असंच एक डिफरन्शियल असतं. म्हणजे पुढचा एक मिनिमम, मागचा एक मिनिमम. दोन चाकांपेक्षा निश्चितच बरं. पण तिरका बांध चढताना पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम हवेत गेलं, तर दोन्हीकडचा मिनिमम शून्याजवळ. चारही चाकांना ताकद असूनही गाडी जागेवरच.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, ब्रेकचा. जे चाक गरगरतंय त्यालाच संगणक ब्रेक लावतो. त्या चाकाचा विरोध वाढला की मिनिमम वाढला, आणि पलीकडच्या चाकालाही तेवढी ताकद मिळाली. जिम्नीत हेच आहे. दुसरा उपाय, लॉक. दोन्ही चाकं तेवढ्यापुरती घट्ट जोडून टाकायची, म्हणजे वरच्या उदाहरणात १०० अधिक ८००, एकूण ९००. थार फोर बाय फोरच्या वरच्या व्हेरियंटमध्ये मागच्या बाजूला मेकॅनिकल लॉक आलेलं आहे. फोर्सच्या गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक असतात, ड्रायव्हरच्या हातात.

ब्रेकवाल्या उपायात एक सवय लागते. चाक गरगरायला लागलं की आपण घाबरून पाय काढतो. तसं करू नका. हलका, स्थिर ॲक्सिलरेटर धरून ठेवा. ब्रेकला काम करायला एक-दोन सेकंद लागतात.

शोरूममध्ये गेल्यावर म्हणूनच विचारायचं, "या नेमक्या व्हेरियंटमध्ये मागचं डिफरन्शियल कसलं आहे?" उत्तर देताना सेल्समन ब्रोशर उघडू लागला तर उघडू द्या. लेखी दाखवलं तरच खरं.

टू एच, फोर एच, फोर एल

जिम्नी आणि थार दोन्ही 'पार्ट टाइम' फोर बाय फोर आहेत. रोज चालवायची टू एचमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं. गरज पडली की फोर एच. आणि अगदीच अवघड जागा आली की फोर एल.

फोर एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडला जातो. चिखलात, वाळूत ते चालतं, कारण टायर थोडे घसरून ताण सोडतात. कोरड्या डांबरावर किंवा समृद्धीच्या सिमेंटवर टायर घसरत नाहीत. मग तो ताण गिअर आणि शाफ्टवर चढतो, स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते. तसंच चालवत राहिलात तर मोठा खर्च. तेव्हा 'पावसाळा आहे, राहू दे फोर एचमध्ये' असं करायचं नाही. पक्का रस्ता लागला की परत टू एच.

फोर एल म्हणजे लो रेंज. जिम्नीत ते गिअरची ताकद साधारण दुप्पट करतं, थारमध्ये जवळपास अडीच पट. वेग तेवढाच कमी होतो. ओढ्यातून वर निघताना, दगडावरून उतरताना इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक दाबून चाकं जाम करावी लागत नाहीत. लो रेंज नसलेल्या, रस्त्यावरच्या ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्हीसुद्धा बाजारात आहेत. ओला घाट, वाळूचा पट्टा, हलका चिखल त्या काढतात. पण दगडातून मुंगीच्या पावलानं चालायचं असेल तर लो रेंजला पर्याय नाही.

काळी माती आणि वाफसा

आता आपल्या घरच्या गोष्टीवर येऊ.

जालना जिल्ह्याखाली बेसॉल्ट खडक आहे आणि त्याच्यावर त्याचीच झिजून झालेली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पावसात तीच माती टायरच्या खाचांमध्ये जाऊन बसते. चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, जणू चाकाला मातीचा लाडू लिंपलाय. टायरची नक्षीच बुजली तर चारही चाकांना ताकद देऊन काय उपयोग? ताकद इंजिन देतं. पकड फक्त टायर आणि जमीन मिळून देतात.

यात तीन गोष्टी कामाला येतात.

पहिली, वजन. जिम्नी साधारण १२०० किलोची आहे, थार फोर बाय फोर १७०० किलोच्या वर. रुतलेली बाराशे किलोची गाडी चार मित्र ढकलू शकतात. सतराशेची ढकलताना चारातले दोन चिखलात बसतात.

दुसरी, टायर. कंपनी जे टायर देते ते बहुतेक रस्ता आणि कच्चा रस्ता असं दोन्ही सांभाळणारे असतात. मोठ्या खाचांचे मड टेरेन टायर काळ्या मातीत माती झटकून टाकतात, पण हायवेवर घोंघावतात, ओल्या डांबरावर ब्रेकला कमी पडतात आणि मायलेज खातात. वर्षातले तीनशे दिवस डांबरावर असाल तर ऑल टेरेन पुरे.

तिसरी, हवा. ही फुकट आहे आणि हिच्याकडे कुणी बघत नाही. हिशोब बघा. १२०० किलोच्या गाडीच्या एका चाकावर ३०० किलो. ३० पीएसआय हवा असेल तर टायर जमिनीला टेकतो साधारण १४० चौरस सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. हवा १८ वर आणली की तोच स्पर्श सव्वा दोनशेच्या वर जातो. वाळूत आणि मऊ मातीत एवढ्यानं गाडी तरून जाते. पण परत रस्त्यावर येताना हवा भरलीच पाहिजे. आपल्याकडे शेतातून निघून अर्ध्या तासात माणूस समृद्धीवर असतो. तिथे वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. कमी हवेचा टायर त्या वेगात तापतो आणि फुटतो. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज गाडीत नसेल तर हवा कमी करूच नका.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही, पण आपल्या आजोबांना माहीत होती. वाफसा. पाऊस झाल्यावर लगेच कुणी पेरायला जात नाही. जमिनीला वाफसा येऊ देतात, वरचं पाणी मुरलं, पायाला माती चिकटेनाशी झाली की औत काढतात. गाडीलाही हाच नियम लावा. पाणंदीवर पाच पावलं चालून बघा. चपलेला मातीचा गोळा चढला तर टायरलाही चढणार. तेव्हा थांबणं हेच चांगलं ड्रायव्हिंग. शिवाय ओल्या पाणंदीत खोल चाकोऱ्या पाडून आपण निघून जातो आणि पुढचे दोन महिने गावातल्या बैलगाड्या आणि दुचाक्या त्यात अडकतात.

आता गाड्या

जिम्नी. भारतातली पाच दरवाजांची जिम्नी जून २०२३ ला आली, तेव्हा किंमत १२.७४ लाखांपासून होती. १.५ लिटर पेट्रोल, १०५ पीएस. सगळ्याच व्हेरियंटमध्ये फोर बाय फोर आणि लो रेंज, सहा एअरबॅगही सगळ्यांना. जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर. मागचा भाग इतका आखूड की ४७ अंशांच्या चढावरूनही शेपटी टेकत नाही, ओढ्यातून वर येताना हे फार कामाला येतं. रुंदी फक्त १६४५ मिलिमीटर, त्यामुळे दोन्हीकडून बाभळी आलेल्या पाणंदीतून ओरखडा न पडता निघते. उणी बाजूही आहे. चारच माणसं. मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटर, म्हणजे तंबू आणि चार बॅगा एकत्र बसत नाहीत. टाकी ४० लिटरची. चार जण बसवून समृद्धीवर ओव्हरटेक करताना इंजिनचा दम जाणवतो. गुरुग्रामला बनणारी हीच गाडी जानेवारी २०२५ च्या अखेरीस जपानमध्ये जाहीर झाली, आणि चार-पाच दिवसांत सुमारे ५० हजार ऑर्डर आल्यावर सुझुकीला बुकिंग थांबवावं लागलं. अरुंद रस्ते आणि बर्फ असलेल्या देशाला हलक्या गाडीची किंमत कळते.

थार फोर बाय फोर. तीन दरवाजे, नाशिकला बनते. २.२ डिझेल १३० एचपी किंवा २.० पेट्रोल १५० एचपी. ताकदीचा प्रश्नच नाही. उंची २२६ मिलिमीटर. चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर, जिम्नीचं २५९०. म्हणून बांध ओलांडताना पोट टेकायची भीती थारला कमी. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये ४ स्टार मिळाले. पण मागच्या सीटवर जायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. दर रविवारी आजीला राजूरच्या गणपतीला न्यायचं असेल तर आधी आजीला शोरूममध्ये नेऊन बसवून बघा. ऑगस्ट २०२४ ला आलेल्या पाच दरवाजांच्या रॉक्समध्ये ही अडचण नाही, पण ती ४.४ मीटरहून लांब आहे आणि तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेललाच आली. ती 'छोटी' राहत नाही.

गुरखा. पुण्याच्या फोर्स मोटर्सची. तीन दरवाजांची गाडी ३९६५ मिलिमीटर लांब, २.६ लिटर डिझेल, १४० पीएस, दोन्हीकडे लॉक. आडवाटेला या तिघींत सगळ्यात तयारीची. रोजच्या वापराला सगळ्यात रांगडी. २०२४ मध्ये किंमत पावणेसतरा लाख होती. सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून किती लांब आहे ते आधी बघा.

जुनी जिप्सी. १९८५ पासून बनली, साधारण २०१८ नंतर सामान्य ग्राहकांना बंद झाली. हजार किलोच्या आसपास वजन, लो रेंज, दुरुस्ती सोपी. ताडोबात सफारीला हीच असते. पण एअरबॅग नाहीत, आणि १५ वर्षं झाली की फेरनोंदणीचा खर्च आणि तपासणी. गंजलेली चासी, न जुळणारा इंजिन नंबर, अर्धवट कागदपत्रं दिसली तर हात जोडून परत या. हायवेवर कुटुंबासह लांब जायला ही गाडी मी सुचवणार नाही.

आणि एक मधला मार्ग. सहा-सात माणसांचं घर आहे, चिखल अधूनमधूनच लागतो, तर बोलेरो निओ बघा. फोर बाय फोर नाही, पण वरच्या व्हेरियंटमध्ये मागच्या डिफरन्शियलला मेकॅनिकल लॉक आलेलं आहे. वरचं गणित आठवा, दोन चाकांच्या गाडीत लॉकनं किती फरक पडतो ते.

पाणी वेगळी गोष्ट आहे

थारच्या कागदावर ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता लिहिलेली आहे, गुरखाच्या ७०० मिलिमीटर. हा आकडा संथ पाण्याचा आहे, खालची जमीन पक्की आहे असं धरून. नळकांडी पुलावरून वाहणाऱ्या पाण्याचा नाही.

पुन्हा हिशोब. छोट्या गाडीचा तळ धरा साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद. तो ३० सेंटीमीटर बुडाला की पाणी गाडीला साधारण दीड हजार किलोची उचल देतं. जिम्नीचं वजन बाराशे! म्हणजे आत पाणी शिरेपर्यंत गाडी होडी झालेली असते. चाकं जमिनीला टेकलेलीच नसतील तर टू एच काय आणि फोर एल काय. प्रवाह आडवा ढकलतो आणि कठडा नसलेल्या पुलावरून गाडी खाली. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या नद्या-ओढ्यांनी काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुलाचा पृष्ठभाग दिसत नसेल तर गाडी कोणतीही असो, अलीकडे थांबायचं. याला अपवाद नाही.

घेतल्यानंतर

गाडीत ठेवायच्या वस्तू: ताणली जाणारी रिकव्हरी पट्टी, दोन शॅकल, फावडं, कॉम्प्रेसर, हातमोजे. पट्टी कंपनीनं दिलेल्या टो हुकलाच लावायची, बंपरला किंवा एक्सलला नाही. ट्रॅक्टरनं ओढताना लोखंडी साखळी वापरू नका, आणि झटका तर अजिबात नको. साखळी तुटली की गोळीसारखी येते. ओढताना बाकीच्यांना लांब उभं करा, रील बनवणाऱ्या मित्राला सगळ्यात लांब.

मॉडिफिकेशन जपून. नोंदणीत कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी विसंगत असे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. पुढचे लोखंडी बुल बार तर डिसेंबर २०१७ पासूनच केंद्राच्या निर्देशानुसार चालत नाहीत. अपघातात इन्शुरन्स कंपनी सगळ्यात आधी हेच शोधते.

आणि जागा. गौताळा हे अभयारण्य आहे. लोणारचं विवर अभयारण्य आहे, शिवाय २०२० पासून रामसर यादीतलं पाणथळ क्षेत्र. तिथे आखलेला रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे. गोदावरीच्या वाळूत, गावाच्या गायरानात जाण्याआधी गावात विचारा. विचारलं की बहुतेक वेळा परवानगी मिळते, वर चहा मिळतो, आणि रुतलात तर ट्रॅक्टरही मिळतो.

मग घ्यायची कोणती?

दोघं-तिघं, अरुंद पाणंद, काळी माती, पेट्रोल चालतं, हायवेवर घाई नाही, तर जिम्नी. लांबचा प्रवास जास्त, डोंगर-दगड जास्त, डिझेल हवं, मागे सहसा कुणी बसत नाही, तर थार, पण दुसरी दांडी आणि पुढचा शाफ्ट बघूनच. आडवाट हेच वेड असेल तर गुरखा. घरची माणसं जास्त आणि चिखल कमी, तर बोलेरो निओ आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर. यातलं काहीच ठरत नसेल तर एक पावसाळा थांबा, भाड्यानं चालवा, अडकलेले दिवस वहीत लिहून ठेवा.

टेस्ट ड्राइव्ह मागताना शोरूमसमोरचा गुळगुळीत रस्ता नको म्हणा. फोर एलमध्ये टाकून दाखवायला सांगा. गाडी टाकणाऱ्यालाच ती दांडी टाकता आली नाही, तर सर्व्हिसच्या वेळी काय होणार याचा अंदाज तुम्हाला आलेला असेल.

तुमच्या गावचा पाणंद रस्ता कसा आहे, काळी माती आहे का मुरूम, गाडी कोणती आणि कुठे अडकते, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्याच काही रस्त्यांवर बोलू. तोवर हवा तपासा, आणि वाफसा येऊ द्या.